पेटी घरात, बायनाबाई गाडीत

बायनाबाई निवांत बसलेली मी फार कमी वेळा पाहिली. जेवायलासुद्धा ती उकिडवी बसायची, एक पाय पुढे टाकून, हाक आली की ताटावरून उठायच्या बेताने. सडकेवर लांब कुठे मोटारीचा आवाज झाला की तिची मान वळायची आणि ती आम्हाला सांगायची, "जिंतूरची गाडी हाय," नाहीतर, "ट्रक हाय, बसा निवांत." तिचा अंदाज सहसा चुकत नसे. आमचा ढोलकीवाला बन्सीधर तिला म्हणायचा, "अक्का, तुमी मागच्या जन्मी डायव्हर व्हता का?"

"मागचा जन्म आपण छप्पन साली सोडला की रं," ती म्हणायची. "ह्याच जन्माचं बोल."

मी आता सत्तरी ओलांडली आहे. गळा गेला, गुडघे गेले, टाळ्यांची सवय तेवढी राहिली. पण गावाला जायचं म्हणून पिशवी भरायला बसले की बायनाबाई अजून माझ्या पाठीशी येऊन उभी राहते आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लावते. ती कुणी मोठी बाई नव्हती. तिचा फोटो कुठे छापून आला नाही. बोरीच्या बौद्धवाड्यातली सालगड्याची बायको, आणि सात उन्हाळे आमच्या कलापथकाचा आवाज.

पथक माणिकरावांचं. सहा पुरुष, दोन बायका. रंगमंच म्हणायचं आपलं. दोन बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकल्या आणि गॅसबत्ती टांगली की झाला रंगमंच. त्या वर्षांत आमच्या परभणी जिल्ह्यात बाबासाहेबांची जयंती एका दिवसात संपत नसे. मोठ्या गावांची चौदा एप्रिलला व्हायची, मग बाकीची गावं आपापली तारीख धरायची, कारण चांगलं पथक एक आणि बोलावणारी गावं पन्नास. सुरुवात बोरीला आणि शेवट वैशाखी पौर्णिमेला सोनपेठला. मधले दिवस घराचं तोंड बघायचं नाही. आज या गावात, उद्या त्या. एसटी फाट्यावर सोडायची, पुढे उन्हातून दोन कोस पायी.

पंच्याहत्तर सालच्या एप्रिलात मी पहिल्यांदा पथकात गेले. वय एकोणीस. वडील परभणीला कचेरीत शिपाई, मी नुकती मॅट्रिक. बोरीच्या स्टँडवर मी उतरले ती टपावरून माझी पत्र्याची पेटी उतरवून घेतच. हिरवी पेटी, तिच्यावर लाल गुलाब.

माणिकरावांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी गायला आलाव का नांदायला?"

सगळे हसले. मी कानापर्यंत लाल झाले. माणिकरावांनी मग पथकाचा कायदा सांगितला: आपलं सामान आपण उचलायचं, शिवाय पथकाचा एक नग. कुणाला हार्मोनियम, कुणाला ढोलकी, कुणाला गॅसबत्ती. "तुमच्या वाट्याला पडद्याचं बोचकं हाय. आता एका हातात पेटी आन् डोक्यावर बोचकं घिऊन चार पावलं चालून दाखवा."

मी चालून दाखवलं. सहाव्या पावलाला बोचकं खाली.

तेव्हा बायनाबाई पुढे आली. तिशीची, काटक, सावळी. माझ्या पेटीची कडी एका बाजूने धरली आणि म्हणाली, "चल माझ्या घरी. तुला सोलून काढते."

घर म्हणजे एक खोली, पुढे अंगण. सासू चांगुणाबाई सुपात ज्वारी पाखडत बसलेली. सुनेकडे न बघताच म्हणाली, "आली का उंडारून?"

"अजून जायाचीच हाव की, आत्याबाई."

"तेच की. जायच्या आधीच तुझा जीव सडकंवर."

कोपऱ्यात बायनाबाईची पेटी होती. हिरवी. लाल गुलाब. परभणीच्या पेटीवाल्यांना दहा वर्षांत दुसरं फूल काही सुचलं नव्हतं. माझी पेटी तिच्या शेजारी टेकवली तेव्हा बायनाबाईची पाच वर्षांची रुख्मिणी टाळ्या पिटत म्हणाली, "आई, पेटीला पोरगी झाली!"

मग माझी पेटी उघडली. आरशासमोर नटाला रंग उतरवायला लावावं तसं तिने मला एकेका वस्तूपाशी थांबवलं. "हे काय?" पावडरचा डबा. "चिमूटभर कागदात बांध." आरसा. "घरोघर आरसा हाय." उशी. ती उशीकडे नुसती बघत राहिली. मीच ती मागे सरकवली. चार पातळं. "अंगावर एक, पिशवीत एक. सकाळी धुतलं तर दुसऱ्या गावाला पोचूस्तवर डोक्यावर वाळतंय. वरून ऊन लागत न्हाई ते येगळंच." उंच टाचांच्या चपला तिने उलट्या करून पाहिल्या आणि रुख्मिणीला खेळायला दिल्या.

शेवटी माझं पांढरं पातळ निघालं, निळ्या काठाचं. मॅट्रिक झाले म्हणून वडिलांनी घेतलेलं. ते मी छातीशी धरलं.

"पांढरं? फुफाट्यात? एका दिवसात त्याचं पोतेरं व्हईल. ठिव पेटीत."

ठेवलं, पण मनातून ठेवलं नाही.

मग तिने स्वतःची पिशवी दाखवली. खताच्या पोत्याची शिवलेली, पाऊस आला तरी आत थेंब जायचा नाही. बाजारहाटाला नेतात तेवढीच. तिच्यात एक लुगडं, दोन पोलकी, अर्धा साबण, फणी, जर्मनची म्हणजे अॅल्युमिनियमची एक वाटी. सुई पिशवीच्याच काठाला टोचलेली, तिच्यातच दोरा. आणि जुन्या काळ्या परकराच्या घड्या. त्या घड्या तिने चुंबळीसारख्या गुंडाळून डोक्यावर ठेवून दाखवल्या, म्हणजे बोचकं टोचत नाही. रात्री त्याच उशाला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् महिन्याची अडचण आली की हेच. काळं असलं म्हंजी परक्या गावात उघड्यावर वाळवता येतंय, कुणाचं ध्यान जात न्हाई. पांढरी फडकी घिऊन येशील तर सगळा महिना भिंतीआड वाळवत बसशील." एवढी सरळ गोष्ट मला आईनेही कधी सांगितली नव्हती.

"अक्का, पण तुमची पेटी का नाही नेत? थोडी लहान पेटी घेतली तर?"

सुपाचा आवाज थांबला. चांगुणाबाई म्हणाली, "पेटी हितंच ऱ्हाईल."

त्या वाड्यात रीत होती. लग्नात माहेरून आलेली पेटी सुनेची. तिचे कपडे, तिचं किडूकमिडूक सगळं त्या पेटीत. पेटी घरात आहे तोवर बाई नांदते आहे. मग ती चार दिवस दिसली नाही तरी कुणी काही बोलत नसे. पण पेटी उंबऱ्याबाहेर गेली की बाई गेली. मग माहेरचं माणूस तिला पेटीसकट आणून घालील तेव्हाच आत. नाही आणलं तर लेकरं बापाच्या घरी राहायची आणि बाई वाऱ्यावर. बायनाबाईचे वडील वारले होते. भाऊ नव्हता. माहेरचं घर दुसऱ्यांनी कधीच बळकावलं होतं. तिला आणून घालणारं या जगात कुणी नव्हतं.

म्हणून चांगुणाबाईने पहिल्या वर्षीच अट घातली होती: गायला जा, पण पेटी हलायची नाही. आणि बायनाबाईने महिना-दीड महिन्याचा संसार बाजाराच्या पिशवीत बसवायची हिकमत शिकून घेतली. ती गाडीत बसायची तेव्हा बघणाऱ्याला वाटायचं, बाई मीठ-मिरची आणायला निघाली.

आम्ही निघालो. पहिल्या आठवड्यात मला कळलं की ती बरोबर होती, आणि त्याचाच राग आला. माझी पिशवी हलकी होती, पाय चालत होते, तरी जीव त्या पेटीतल्या पांढऱ्या पातळात अडकलेला. त्यातच माणिकरावांनी नवा प्रवेश बसवला: गावात शाळा काढायला येणारी मास्तरीण. भूमिका माझी. माझी पहिली नावानिशी भूमिका! मास्तरीण म्हणजे पांढरं पातळ हवंच.

"गावातल्या मास्तरणीचं मागून घिऊ," बायनाबाई म्हणाली. "एका रात्रीचा तर सवाल."

मला मागून घेतलेलं नको होतं. मला माझं हवं होतं. मग माझं मी केलं.

आम्ही तेव्हा चारठाण्याला होतो. ढोलकीचं पान फाटलं म्हणून बन्सीधर ती दुरुस्त करायला परभणीला निघाला. मी त्याला आडोशाला गाठलं आणि पेटीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "येताना बोरीला उतर. अक्काच्या घरी हिरवी पेटी आहे, गुलाबाची. वरच पांढरं पातळ आहे, तेवढं आण. अक्काला बोलू नकोस." दोन पेट्या आहेत हे सांगायचं मला सुचलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे एकच होती.

बन्सीधर पंचविशीचा, बायको बाळंतपणात गेलेली, फार सभ्य माणूस. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शाळेच्या पडवीत भाकरी खात असताना तो आला. पाठीवर ढोलकी, डोक्यावर अख्खी पेटी. घामाने निथळत होता.

"अरे, पेटी कशाला आणलीस?" मी ओरडले.

"मग? बाईमाणसाची पेटी म्या कशी उघडावी?" तो म्हणाला. "घरात कुणी नव्हतं. कडी काढली, उचलली, आणली. दोन व्हत्या, एकीवर चाळण ठिवलेली व्हती. मोकळी व्हती ती घेतली."

बायनाबाई हातातला घास तसाच धरून पेटीकडे बघत होती. माझ्या पेटीच्या कडीला पितळेचं कुलूप होतं. हिच्या कडीला लोखंडाचं.

"ही माझी हाय," ती म्हणाली.

पुरुष हसायला लागले. बन्सीधरही हसला. ती हसली नाही. "कुणी बघितलं का रं तुला?"

"समोरची कडूबाई व्हती अंगणात. आन् फाट्यावर दत्तरावकाका भेटले. म्या जय भीम केला. त्यांनी पेटीकडं बघितलं आन् तोंड फिरवलं. ऊन लय व्हतं, म्हनलं त्यांचं डोकं तापलं आसंल."

दत्तराव म्हणजे बायनाबाईचा चुलतसासरा. वाड्यातला कारभारी माणूस. त्याने पाहिलं होतं की सुनेची पेटी एका बायको नसलेल्या ढोलकीवाल्याच्या डोक्यावर गाडीत चढली.

ती उठली. हात धुतले. पिशवी खांद्याला लावली. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा गेली. "एकची गाडी गेली. दोनला जिंतूरची हाय. जिंतूरहून बोरी पाचला गाठंल."

"आन् रात्रीचा कार्यक्रम?" माणिकराव म्हणाले. "सगळं चारठाणं येणार हाय. तुझ्याबिगर मी फळीवर काय ठिवू, गॅसबत्ती?"

"माणिकदादा, माझी पोरगी तिथं हाय. रात्रभरात ते काय ठरवतील, मला ठावं हाय."

मी म्हटलं, मीपण येते. चूक माझी आहे, मीच सांगेन.  माणिकरावांनी हात वर नेऊन आपल्या मिशा चाचपल्या. त्या मिशांचा जिल्ह्यात लौकिक होता. तरुणपणी ते बायकांच्या भूमिका करत. "जावा," ते म्हणाले. "लुगडं ठिवून जा एक. आन् बन्सी, वस्तरा बघ कुठं मिळतो का."

गाडीत पेटी आमच्या दोघींच्या मांड्यांवर. कंडक्टर म्हणाला, "बाई, टपावर टाका ना." बायनाबाईने पेटीवर दोन्ही हात ठेवले आणि नाही म्हटलं. जिंतूरला गाडी बदलली. दुसरी गाडी अर्धा तास हलेना. ती उतरायची, ड्रायव्हर चहा पितोय का बघायची, परत चढायची, परत उतरायची. मी माफी मागायला तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "केशर, तू गप बस बाई. मी मनात बोलायलेय, माझं चुकतंय."

बोरीला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. पेटी तिच्या डोक्यावर, पडद्याआड वाट बघणाऱ्या नटीसारखा तिचा चेहरा कोरा. आडावरच्या बायका दोर हातात धरून थांबल्या. कडूबाईने पुढे धावत जाऊन वर्दी दिली, "आली गं बाई, पेटी माघारी आली!"

अंगणात बाजेवर दत्तराव बसले होते. भिंतीला टेकून बायनाबाईचा नवरा तात्याराव उभा, शेतातून तसाच आलेला, पायाला माती. उंबऱ्यावर चांगुणाबाई. तिच्या मागून रुख्मिणी आईकडे धावणार, तर आजीने तिचं मनगट धरून ठेवलेलं. बायनाबाईने पेटी उंबऱ्याबाहेर उतरवली. कुणी ये म्हणालं नाही.

"कोण आणून घालायलंय हिला?" दत्तरावांनी विचारलं, तेही तिला नाही, हवेला.

आता माझा प्रवेश. मी पदर खोचला, पुढे झाले आणि दोन हजार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी आणून घालते. मी तिची धाकटी बहीण आहे!"

"तू परभणीच्या शिपायाची केशर ना?" दत्तराव म्हणाले. "पयल्या दिवशी उशी घिऊन आल्ती ती?"

कुंपणापाशी जमलेल्या बायकांत हशा पिकला. माझा आवाज तिथेच बसला. मग मी साधं सांगितलं: पातळ माझं होतं, बन्सीधरला मी पाठवलं, त्याने चुकून दुसरी पेटी उचलली. सांगता सांगता मी रडायला लागले, आणि ते रडणं काही नाटकातलं नव्हतं.

दत्तरावांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. "चूक कुणाचीबी आसंना, पोरी," ते म्हणाले. "गावानं पेटी जाताना बघितली. मी स्वतः बघितली. आज हिला तशीच आत घेतली, तर उद्या कुणाचीबी सून पेटी उचलंल, चार दिस हिंडंल आन् म्हणंल चूक झाली. माहेरचं माणूस आणा. न्हाईतर रुख्मिणी हितं ऱ्हाईल, आन् हिनं खुशाल पथकात जावं."

तात्याराव पहिल्यांदाच बोलला. "काका, तिला पळायचं आसतं तर पायानं पळाली आसती. तिला पेटी कशाला लागती? ती पिशवीत दोन महिने काढती."

"तू गप. तुझ्यामुळंच हे झालंय."

बायनाबाई उभी होती. तिचे पाय एका जागी ठरत नव्हते. अंगठ्याने माती उकरत होती. रुख्मिणीने "आई" म्हणून हाक मारली, तेव्हा तिचं सगळं अंग पुढे झुकलं, पण पाय उंबऱ्यापाशी थांबला. आत गेली असती तर रीत मोडली असती, माघारी फिरली असती तर लेक गेली असती.

चांगुणाबाईने रुख्मिणीचं मनगट सोडलं. पोरगी धावली आणि आईच्या गुडघ्यांना मिठी मारून बसली. म्हातारी मग कमरेवर हात ठेवून उठली आणि अंगणात उतरली.

"किल्ली," ती सुनेला म्हणाली.

बायनाबाईने गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली किल्ली काढून दिली. म्हातारीने भर अंगणात, सगळ्यांसमोर पेटी उघडली. सुनेची पेटी सासूने उघडणं हेही तिथल्या रीतीत बसत नसे. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. चांगुणाबाईने लग्नातलं लुगडं काढलं, झटकलं, आत गेली आणि घरातल्या वलणीवर टाकलं, म्हणजे कपडे टाकायच्या दोरीवर, जिथे तिचं स्वतःचं लुगडं आणि लेकाचं धोतर होतं. बाहेर आली. दोन पोलकी नेली. परत आली. रुख्मिणीचं टोपडं. बुद्धाची काचेची तसबीर. वडिलांचा एक जुना पटका. एकेक वस्तू घेऊन ती पाच-सहा वेळा उंबरा ओलांडून आत गेली आणि बाहेर आली, घाई नाही काही नाही. मी पुढे मोठमोठ्या नट्या पाहिल्या. रिकाम्या जागेत सगळ्यांचे डोळे असे धरून ठेवणारी एकही नाही पाहिली.

शेवटची वस्तू टाकून ती बाहेर आली आणि पेटीच्या कडेवर हात टेकून बोलली, अगदी हळू.

"दत्तराव, माझी पेटी तीनदा गेली. तुमी तवा लहान व्हता. तीनदा माझा भाऊ मला आणून घालून गेला. चौथ्या बारीला म्या पेटी उचलली, दारापतुर आले, आन् ध्यानात आलं, भाऊ तर अवंदा मेला. मग खाली ठिवली. लोक म्हनले, चांगुणा नांदली." तिने नाक पुसलं. "ही घ्या पेटी. मोकळी हाय. हिला आणून घालायची का न्हाई, ते तुमी बसून ठरवा. सून माझ्या वलणीवर हाय."

आणि सुनेकडे वळून, नेहमीच्या आवाजात, "हात-पाय धू. भाकरी टाकायच्यात."

दत्तराव बाजेवरून उठले. त्यांनी पेटीत एकदा डोकावून पाहिलं आणि निघून गेले. ती पेटी अंगणातच राहिली. चांगुणाबाईने पुढे तिच्यात कोंबडी बसवली.

त्या संध्याकाळी बायनाबाई भाकरी थापत होती आणि मध्येच मान वर करून वलणीकडे बघत होती. तिचं लग्नातलं लुगडं चारचौघांसारखं धोतराशेजारी लोंबत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही चारठाण्याला परतलो; माझं पांढरं पातळ पेटीतच राहिलं. माणिकराव बिनमिशांचे बसले होते. मी ओळखलंच नाही. "लय टाळ्या पडल्या काल," ते म्हणाले. "आता तुमी दोघी ऱ्हावा घरी, माझं मी बघतो." बन्सीधर बायनाबाईच्या पाया पडायला आला, तिने त्याला हातातल्या फणीने मारलं.

मला वाटलं होतं, आता ती निवांत होईल. उलटंच झालं. पुढचे पंचवीस दिवस ती जितकी सैरभैर होती तितकी मी तिला कधी पाहिली नव्हती. गाताना कडवं विसरली, जे ती झोपेत म्हणू शकली असती. एका फाट्यावर आम्ही बाभळीखाली गाडीची वाट बघत होतो, तेव्हा मी विचारलं, "अक्का, झालं की सगळं नीट. आता काय?"

ती पिशवीचा बंद सोडत होती, बांधत होती. "पेटी व्हती तवा मला ठावं व्हतं, माघारी जायाचंच हाय. तिथं कुलूप व्हतं. मी कुठंबी हिंडले तरी दावं लांब हाय एवढंच. आता म्हातारीनं दावंच सोडलं. सोडलेली गाय घरी जाती का न्हाई, कुणाला ठावं? मलाच माझा भरवसा वाटंना."

"पण रुख्मिणी?"

"रुख्मिणीसाठी तर जीव तुटतो. पण गाणं सुरू झालं की तीबी ध्यानात ऱ्हात न्हाई गं. हे कुणाला सांगू?"

पौर्णिमेला सोनपेठचा कार्यक्रम झाला. त्या रात्री ती जी गायली, ते मी कागदावर उतरवू शकत नाही आणि उतरवायचा प्रयत्नही करत नाही. सकाळी स्टँडवर माणिकराव एक चिठ्ठी घेऊन आले. नांदेडकडून बोलावणं होतं. पंधरा दिवस, रोज मोठं गाव, लाकडाचा पक्का रंगमंच, कर्णे लावलेले. "अशी संधी परत न्हाई," ते म्हणाले. आम्ही सगळे नाचायला लागलो. मी तर आईला पत्र लिहायला कागद मागितला.

दोन गाड्या उभ्या होत्या. एक गंगाखेडवरून नांदेडच्या वाटेला लागणारी, एक परभणीची. आमचं सामान पहिल्या गाडीच्या टपावर चढत होतं. बायनाबाई दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभी. पुरुषांनी तिला हाक मारली. ती पहिल्या गाडीकडे चार पावलं आली, पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला. मी वर खिडकीत तिची जागा धरून बसले होते.

मग तिने दांडा सोडला.

"अक्का, काय झालं? कुणी बोलावलंय का तुम्हाला घरी?"

"न्हाई. म्हणूनच," ती म्हणाली. "कुणी बोलवायच्या आत एकदा माझं मी जाऊन बघते. न्हाईतर जलमभर समजायचं न्हाई, मी आपली आपण जाती का कुणी आणून घालतंय म्हणून जाती."

"आणि नांदेड?"

"नांदेड कुठं पळायलंय?" असं ती म्हणाली खरं, पण कर्ण्यांच्या त्या रंगमंचासाठी तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिने लपवलं नाही.

पुढे ती आणखी तीन उन्हाळे आमच्याबरोबर आली, दर खेपेला शेवटच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी परतली, आणि दर खेपेला परतताना अशीच रडली. नांदेडचं बोलावणं मात्र पुन्हा आलं नाही.

त्या सकाळी परभणीची गाडी आधी सुटली. आम्ही सगळे हात हलवत होतो, माणिकराव ओरडत होते, बन्सीधरने ढोलकीवर थाप दिली. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. बंद खिडकीची काच वर होत नव्हती, आणि ती शेजारच्या माणसाला उठवून, दोन्ही हातांनी, ती काच वर ढकलत होती.